यांची तुरुंगाची पिशवी

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी दादरहून ठाकूरद्वारला आईकडे आले. येताना डोक्यात एकच खूळ होतं, दवाखान्यात न्यायची पिशवी आधीपासून भरून ठेवायची. दादरच्या आमच्या शेजारणीची तशी पिशवी मी पाहिली होती. दुपटी, लंगोट, झबली, सगळं कसं घडी घालून तयार. हे बाईपणातलं शहाणपण मला भलतंच आवडलं होतं. आईला सांगितलं तर तिने कानांवर हात ठेवले.

"आधी मूल, मग त्याच्या वस्तू. आधी एक चिंधीसुद्धा बाजूला काढायची नाही."

"आणि ऐन वेळी धावाधाव झाली तर?"

"होऊ दे."

मी चिडले. पण तिचं कारण मला ठाऊक होतं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. आईचा शिवणाचा हात चांगला, तिने तो पोटात असतानाच टोपड्या-झबल्यांचा ढीग शिवून ठेवला होता. मुलगा जन्मला आणि गेला, ढीग तसाच राहिला. पुढे माझ्या वेळी तिने सुईला हात लावला नाही. मी जन्मले ती वडिलांच्या धोतरात गुंडाळले गेले, आणि मग शेजारपाजारच्या मुलांच्या जुन्या कपड्यांवर वाढले. त्या मुलाबद्दल आमच्या घरात कोणी अवाक्षर काढत नसे. हे सगळं मला समोरच्या खोलीतल्या काकूंनी सांगितलेलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. वाडीत दुसरा विषय नव्हता. माझे वडील फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. मनुष्य अत्यंत सौम्य, पण ताटावर बसले की पेटायचे. जेवताना ते रोज सत्याग्रहाला निघायचे, आणि ताक पिऊन झालं की पलंगावर आडवे व्हायचे.

एके दुपारी मी झोपेतून उठले तर आई जमिनीवर बसून जुनी मऊ साडी फाडत होती. शेजारी खाकी कापडाची पिशवी. साडीचे तुकडे घडी होऊन आत चालले होते. मला इतका आनंद झाला!

"आई, ही माझी..."

तिने मला दंडाला करकचून चिमटा काढला, आढ्याकडे पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "ही यांची तुरुंगाची पिशवी हो! सत्याग्रहाला जायचं म्हणतात ना!"

मी समजले. आढ्यावर कोण होतं, सटवाई की आणखी कोणी, ते मी विचारलं नाही. पण कमी ऐकू येणाऱ्या सासूशी बोलावं तसं आई त्या दिवसापासून आढ्याशी बोलू लागली. पिशवीत डिंकाचे लाडू गेले. "तुरुंगात माणसाला अशक्तपणा येतो!" वेखंड गेलं, बाळंतशेपा गेला. "यांना वाताचा त्रास आहे!" लंगोट गेले तेव्हा मात्र तिला काही सुचेना. ते तिने न बोलताच कोंबले. पिशवी कपाटावर चढली.

या सगळ्यात एक घोटाळा झाला. आढ्यावरच्यांनी ऐकलं की नाही देव जाणे, पण वडिलांनी ऐकलं.

आता त्यांची गंमत अशी की, बायको अडवील या भरवशावरच ते इतके पेटलेले होते. तीच आनंदाने पिशवी भरतेय म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला. मग भरून आलं. मग त्यांनी गॅलरीत जाऊन चार लोकांना सांगितलं, "आमची मंडळी पाठीशी उभी आहे." झालं! वाडीतले कार्यकर्ते येऊन पुढच्या तुकडीत नाव घालून गेले. काकूंनी आईला हळदीकुंकू लावलं आणि वीरपत्नी म्हणाल्या.

त्यानंतर वडील स्वयंपाकघरात उगाच घुटमळत. "मुलीचे दिवस भरत आलेत," ते म्हणत, "अशा वेळी मी जाणं बरं दिसेल का?"

आईने एकदा "नको" म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण "नको" म्हणावं तर मग पिशवी कोणाची, हा प्रश्न उरतोच! तिने आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जा ना. पिशवी तयारच आहे."

दोघंही एकमेकांच्या माघारीची वाट बघत राहिली. जायच्या आदल्या संध्याकाळी गुपचूप त्यांचं खरं सामान वेगळं भरायचं, असा आईचा बेत असावा. पण तुकडी ठरल्यापेक्षा आधीच निघाली. सकाळी भाजी निवडत होतो तोच गॅलरीत घोषणा सुरू झाल्या. वडिलांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. त्यांनी खुर्चीवर चढून कपाटावरची पिशवी ओढली आणि खांद्याला लावली.

आईने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं, अहो, ते बाळाचं सामान आहे. तिने वर पाहिलं आणि तोंड मिटलं. मी बोलणार तोच तिचा हात माझ्या तोंडावर. तिने तो इतका दाबला की माझे ओठ दातांवर रुतले. एवढा वेळ मला नुसतं हसू येत होतं, ते तिथे थांबलं. ही बाई खरंच घाबरलेली होती, आणि माझ्यासाठी घाबरलेली होती.

"सांभाळून जा," ती वडिलांना म्हणाली.

दुपारी बातमी आली की त्यांना पकडलं, आणि त्याच दुपारी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. काकूंनी घोड्याची व्हिक्टोरिया बोलावली. निघताना आईने दोरीवरचं वडिलांचं धोतर तेवढं ओढून काखेत मारलं. प्रसूतिगृहातली सिस्टर कडक होती.

"बाळाचं सामान कुठंय?"

"तुरुंगात गेलंय," आई म्हणाली.

सिस्टरने आधी आईकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आणि बाळाचा बाप?"

"ते कचेरीत आहेत," मी विव्हळत म्हटलं. तिचा चेहरा काही सुधारला नाही.

दिवेलागणीला मला मुलगी झाली. धोतराचे तुकडे करून तिला गुंडाळली. सिस्टर बडबडत होती, आई मात्र खुशीत होती. "बघितलंस? काही म्हणजे काही तयार नव्हतं," असं ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. तिचा सगळा जीव त्या रिकाम्या हातांत होता.

मी अजून तिथेच होते तेव्हा वडील सुटले आणि वाडीतल्या कार्यकर्त्यांकडून कळताच घरी न जाता थेट आमच्याकडे आले. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. नातीला पाहून झाल्यावर त्यांनी कोठडीची हकिगत सांगितली. घाम पुसायला टॉवेल हवा म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत पिशवीत हात घातला, तर लंगोट निघाला. मग आणखी लंगोट. लालबागचा एक गिरणीकामगार म्हणाला, "काका, ह्यां काय? नातवाक घेऊन सत्याग्रहाक इलात की काय?" लाडू सगळ्यांनी वाटून खाल्ले. वाताचा त्रास असलेल्या एका मास्तरांना बाळंतशेपाही लागू पडला म्हणे. हसून हसून माझे टाके दुखले.

वडील हसत नव्हते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक टोपडं काढलं. नवं कोरं, कडेने लाल दोऱ्याचा बारीक टाका. मी ते कधी पाहिलं नव्हतं. मी दुपारी झोपले की आई ते शिवत असणार.

"हे सगळ्यात खाली होतं," ते म्हणाले. "टाका लगेच ओळखला मी. त्याच्या टोपड्यांना असाच घातला होतास." मग टोपडं आईपुढे धरून, "परत सुई धरलीस?"

त्याचा उल्लेख मी घरात पहिल्यांदाच ऐकला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही. वडिलांच्या हातातून तिने टोपडं घेतलं आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर चढवून हनुवटीखाली बंद बांधला. तेवढ्यात सिस्टर आत आली. आईने या वेळी वर पाहिलं नाही.

"सिस्टर," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "बाळाचं सामान आलं हो."