पांढरा ठिपका

शिखरावरून काढलेल्या फोटोत, खाली उतारावर, एक पांढरा ठिपका होता. घरी मोबाईलवर फोटो मोठा करून बघितला तेव्हा कळलं, ती बाबांची टोपी. ज्यांनी मला डोंगर चढायला शिकवलं, ते या वेळी अर्ध्या वाटेत गुडघा धरून बसले होते आणि मी घड्याळाकडे बघत म्हणालो होतो, "तुम्ही थांबा इथेच. उशीर झाला तर वर ढग येतील."

वरून काय दृश्य होतं! उंचावरून सगळंच देखणं दिसतं, कारण तिथून दमलेली माणसं दिसत नाहीत. आपण वर जातो ते बहुधा यासाठीच.

हिरव्या उतारावर तो ठिपका डोळ्यांना खुपत होता. बोटाने पुसून टाकला. फोटो झकास झाला.

संध्याकाळी बाबांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला.

"मी बसलो होतो तो दगड हाच ना रे?"

"हो."

"मग मी कुठंय?"

"एवढ्या लांबून माणूस दिसत नाही, बाबा."

"असेल," ते म्हणाले. "मी आपला टोपी काढून हलवत होतो, तुला दिसावं म्हणून."