नेपाळला नेलेला तांदूळ
नव्या तांदळाचा भात रटरटायला लागला, की माझा जुना बावळटपणा वासासकट आठवतो. नव्वदच्या दशकात नवरा नेपाळातल्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होता. तिथला भात घशाखाली उतरत नाही, असं त्यानं पत्रात लिहिलं. व्हिसा लागत नव्हता, म्हणून मी शहाणी दर हिवाळ्यात आमच्या मूल गावचा दहा किलो तांदूळ गाढवासारखी पाठीवर लादून सीमा ओलांडायची. तिसऱ्या खेपेला त्याची घरमालकीण माझाच तांदूळ बदकांपुढं टाकताना दिसली. ‘मिस्त्री तर माझ्याच हातचं जेवतात,’ ती लाजत म्हणाली. मागून नवरा आला. ‘काऊन आली पुन्हा?’ उरलेला तांदूळ उचलून मी परतले. आता नात दूरदेशी जायला व्हिसाचा फॉर्म भरताना कुरकुरते, ‘आजी, किती हे प्रश्न.’ ‘भर मुकाट्यानं,’ मी म्हणते. ‘तिथं तुझी वाट कोण पाहून राह्यलं, हे मले सीमेवर कोणीच विचारलं नाई.’