घोडीचं आधीचं नाव

माझ्या आत्याला दोन मिनिटं एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं, मी त्याला चहा पाजीन. जेवताना ती मधेच उठते आणि खिडकी लावते, परत बसते, परत उठते आणि तीच खिडकी उघडते. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. त्यात तिने नवीन घोडी आणली आणि घोडीही निघाली तिच्याच वळणाची. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, अशी आमच्या घराची गत झाली.

घरात आत्याला सगळे 'दुसरी' म्हणत आले. मी म्हणायची दुसरी आत्या. लहानपणी मला वाटायचं, मोठी आत्या पहिली, म्हणून ही दुसरी. खरी गोष्ट पुष्कळ उशिरा कळली. ही माझ्या वडिलांची चुलत बहीण. आईबाप गेल्यावर एक पिशवी काखेत मारून लहानपणीच आमच्या घरी आली, आणि नेमकं तिचं आणि मोठ्या आत्याचं नाव एकच निघालं. आजीने हाक मारली की दोघी धावत यायच्या. आजीला कामाला एक पोरगी हवी असायची आणि समोर दोन उभ्या. थोडे दिवस तिने हे चालवून घेतलं, मग एके दिवशी निकाल लावला. "नाव हिचं. ही दुसरी." आजीच्या पोटात पाप नव्हतं. पण नाव गेलं ते गेलंच. पुढे लग्न झालं, तर नवरा घोडागाडीवाला. त्याने 'अगं' एवढ्यावर अख्खा संसार केला. तो गेल्यावर हिने लगाम हातात घेतला, तेव्हापासून गावाला ती गाडीवाली. गेल्या वर्षी मोठी आत्या वारली, तरी आमची दुसरी दुसरीच राहिली.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत काम करतो. लॉजच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, खानावळीचे टेबलक्लॉथ, सगळं तिथे येतं. मी इस्त्रीच्या खोलीत असते. आत्या घड्या केलेले गठ्ठे घोडागाडीत घालून जुन्या भागात पोचवते. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की टेम्पो शिरला तर मागच्या मागेच बाहेर काढावा लागतो. त्यामुळे आत्याचं बरं चाललं होतं. पण तिचा म्हातारा घोडा गुडघ्यांतून गेला, आणि मालकिणीने स्पष्ट सांगितलं, "नवीन जनावर या महिन्यात रुळलं तर ठीक. नाहीतर मी छोटी तीनचाकी बघून ठेवलीय. ती गल्लीत जाते आणि लाथा मारत नाही."

तीनचाकी आली की आत्याचं काम संपणार, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

घोड्यांचा व्यापारी घोडी घेऊन आला. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, दात चांगले, खूर चांगले. आत्याने सगळं तपासलं आणि मग विचारलं, "हिचं नाव काय?"

"तुम्ही ठेवाल ते. कोरी पाटी आहे, बाई."

"एवढी थोराड घोडी कोरी पाटी कशी असेल? आधीचा मालक काहीतरी म्हणतच असेल ना?"

"मालक मेला. पुतण्यांनी घरातलं सगळं फुंकून टाकलं, त्यात ही पण. त्यांनी नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही." जाताना तो दारात थांबला. "नाही जमली तर परत नेतो. मात्र मग तिचं पुढे काय झालं ते विचारायला येऊ नका."

लाँड्रीच्या अंगणातल्या तबेल्यात घोडी पहिल्या दिवसापासून बेचैन. उभ्या जागी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत राहायची. कान सतत धुण्याच्या शेडकडे. गाडीला जुंपली की फाटकाकडे जायचं सोडून शेडकडे ओढ घ्यायची. एकदा तर भरलेली गाडी घेऊन तशीच हौदापर्यंत गेली, चाक दगडावर चढलं आणि गठ्ठे पाण्यात. माझ्या सकाळभराच्या इस्त्रीचा चिखल झाला. मला घोडीचा राग आला, आत्याचा आला, आणि खोटं कशाला बोलू, मनात मी तीनचाकीचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

"आवाज दे ना तिला!" मी ओरडले.

"काय म्हणून देऊ? नाव कुठे माहितेय?"

"मग ठेव एखादं आणि सुट."

"ठेवायचं नाहीये. शोधायचंय," आत्या म्हणाली. "तिला नाव आहे. ते टाकून आपलं लादायचं, हा कुठला न्याय? विचारलं होतं का कुणी?"

हे ती घोडीकडे बघत बोलली. मला वाटलं, घोडीबद्दलच बोलतेय.

मग जे सुरू झालं त्याने आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. आत्या उठता-बसता नावं घेऊ लागली. राणी, चांदणी, बिजली, मैना, हिरा, मोरणी. एक नाव तीन तऱ्हांनी घ्यायची. एकदा लांबून, एकदा रागावून आणि एकदा अगदी कानाशी. तिचं म्हणणं, खरं नाव या तिन्हीत कुठेतरी लागू पडलंच पाहिजे. चादरीची दोन टोकं मी धरलेली, दोन तिने, आणि मधेच ही "शेवंती!" म्हणून ओरडणार. माझ्या हातून चादर सुटणार. बँकेच्या रांगेत तिने हळूच "सोनी" म्हणून पाहिलं, तर पुढची बाई मागे वळून म्हणाली, "ओळखलं नाही हो मी तुम्हाला."

नालबंद नाल ठोकायला आला तेव्हा त्याला आयतीच करमणूक मिळाली. "गाडीवाली, राणी म्हण आणि मोकळी हो. मी आजवर नाल ठोकलेल्या निम्म्या घोड्या राणी होत्या. एकीलाही राज्य मिळालं नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

"तू पाय धर," आत्या म्हणाली, "तोंड नको चालवू."

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मात्र नवल घडायचं. त्या दिवशी घोडी गरीब गाय व्हायची. झुलणं बंद, कान ढिले, आत्याने खरारा केला तर डोळे मिटून घ्यायची. आत्याचा अर्थ ठरलेला: आदल्या दिवशी घेतलेल्या नावांपैकी एखादं बसलं! मग दुसऱ्या दिवशी ती सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून, आणि घोडी पुन्हा पिसाळल्यासारखी. असं दर आठवड्याला. घोडं कुठे पेंड खातंय ते तिलाही कळेना, मलाही कळेना.

आत्या वाळत चालली. जेवताना आता ती खिडकीपाशीही जात नसे, थेट तबेल्यात जायची. मी म्हणाले, "अगं, जनावर आहे ते. चार महिने काहीही म्हटलंस तरी त्याला सवय होईल."

"सवय होते," ती म्हणाली. "सवय सगळ्याचीच होते. म्हणून काय ते खरं होतं?"

मी ताट उचललं.

महिना संपत आला तसं मालकिणीने व्यापाऱ्याला निरोप धाडला की परवा येऊन घोडी घेऊन जा. तिचंही चुकलं नव्हतं, दोनदा धुतलेल्या चादरी तिसऱ्यांदा धुवायला कोण तयार होईल? आत्याने ऐकलं आणि सरळ व्यापाऱ्याला फोन लावला. तो आधी उडवाउडवी करत होता. पण आत्या एकदा मागे लागली की माणूस जीव वाचवायला खरं बोलतो. त्याने गावाचा आणि गल्लीचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रजा टाकून बसने निघालो. वाटेत ती सारखी जागा बदलत होती, शेवटी कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट एकाच सीटचं आहे."

आधीच्या मालकाचं घर बंद होतं. शेजारीण ओट्यावर भाजी निवडत बसली होती. आत्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "तुमच्या शेजाऱ्यांची तपकिरी घोडी होती, कपाळावर ठिपका. तिला ते काय नावाने हाक मारायचे?"

शेजारीण आमच्याकडे बघत राहिली. "कोण, हा? हा कुठला हाक मारणार? जन्माचा मुका होता बिचारा. पण घोडीवर जीव फार. लहान शिंगरू होती तेव्हापासून त्यानेच वाढवली."

"मग बोलवायचा कसा?"

"बादलीवर वाजवायचा की. चाऱ्याची पत्र्याची बादली होती, तिच्या काठावर बोटातल्या अंगठीने. दोनदा पटकन, मग थांबून एकदा." तिने विळीच्या पाटावर बोटाने वाजवून दाखवलं. "रोज पहाटे. आमचं घड्याळच होतं ते. कुठेही असली तरी यायची धावत."

आत्या ओट्याच्या पायरीवर मटकन बसली. मला आधी वाटलं तिला चक्कर आली. मग तिच्या तोंडाकडे बघून माझ्याही डोक्यात उजेड पडला. आमच्या धुण्याच्या शेडमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरं काय चालतं? पत्र्याच्या बादल्या नळाखाली, पत्र्याच्या बादल्या हौदाच्या काठावर, एकीवर एक, खणखण आणि ठणठण.

"दिवसभर तिला हाका मारत होतो आपण," आत्या म्हणाली. "ती बिचारी यायला बघायची, आणि आपण लगाम ओढायचो."

मी इतके दिवस त्या घोडीला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी व्यापारी दोर घेऊन हजर होता. मालकीण होती, नालबंद तर तमाशा बघायला मुद्दाम आला होता. शेडमध्ये काम सुरू झालेलं, आणि घोडी नेहमीसारखी झुलत होती. आत्या शेडच्या दारात गेली आणि धुणाऱ्या बायांना म्हणाली, "बादल्या खाली ठेवा. सगळ्यांनी. जरा हात थांबवा."

लाँड्री गप्प झाली. नळसुद्धा कुणीतरी बंद केला. आत्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली, फाटकापाशी. तिच्या हातात चाऱ्याची रिकामी बादली होती. बोटात अंगठी नव्हती, म्हणून तिने तबेल्याची किल्ली घेतली आणि काठावर वाजवलं. दोनदा पटकन, मग थांबून एकदा.

घोडीचं झुलणं थांबलं. शेडकडे लागलेले कान आधी फिरले, मग मान फिरली. आत्याने पुन्हा वाजवलं. घोडी अंगण ओलांडून आली, धावत नाही, चालत, जरा जपून, आणि तिने बादलीत तोंड घातलं. बादली रिकामी होती. तिने तोंड बाहेर काढून आत्याच्या खांद्यावर ठेवलं आणि तशीच राहिली. मी इस्त्रीच्या खोलीच्या दारात उभी होते. मला रडू आलं, आणि ते मी वाफेवर ढकललं.

"शेडमध्ये प्लास्टिकच्या बादल्या आणून टाका," मालकीण कुणाला तरी म्हणाली आणि आत निघून गेली. व्यापाऱ्याने दोर गुंडाळला. नालबंद एवढंच म्हणाला, "च्यायला."

त्या दिवशी गठ्ठे वेळेत पोचले. गाडी परत आली, घोडी सुटली. काम आटोपून मी अंगणात आले तर आत्या इकडून तिकडे फिरतच होती. पाणी ठेव, दावं बघ, फाटकाची कडी तपास.

"तिला तिचं मिळालं," मी म्हणाले. "तुझं काय?"

"माझं काय?"

"नाव. विचारलं होतं का कुणी, असं म्हणालीस ना तू त्या दिवशी. घोडीबद्दल नव्हतं ते."

ती हसली. "ते नाव तिचं होतं गं. मोठीचं."

"ती गेली, आत्या. आता मोकळंच आहे ते."

"काहीतरीच तुझं," म्हणत ती पेंढ्याची टोपली उचलून तबेल्याकडे चालू लागली. वयाने माझ्या आईएवढी बाई, नुसत्या नावाने हाक मारायला जीभ रेटेना. पण मी मारली. मोठ्याने, अंगणाच्या या टोकावरून.

ती वळली नाही. टोपली ठेवली, पेंढा पसरला, हात झटकले. घोडीने मात्र मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी जवळ गेले. "ऐकू आलं नाही का?"

"आलं की," आत्या म्हणाली. "मला वाटलं, मोठीलाच बोलावतेस."

"तिला कुठून बोलावू आता?"

ती तिथेच उभी राहिली, हात तसेच, पेंढ्याच्या काड्या लुगड्याला चिकटलेल्या. फाटकाकडे गेली नाही की दाव्याला हात लावला नाही. माझ्या उभ्या जन्मात मी तिला अशी उभी पाहिली नव्हती.

"परत मार," ती म्हणाली.

मी मारली.

"लांबून मार. तिथून."

मी अंगणाच्या त्या टोकाला गेले आणि हाक मारली. ती घोडीपाशी उभी होती, मान जरा कलती करून, ऐकत.

"अजून एकदा," ती म्हणाली.