विलायतेचा कोळसा आणि आमचं इंजिन

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कोल्हारजवळच्या मळ्यात विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याच्या पाण्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शिकवलं. म्हणून बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी विजेची तार मळ्यापर्यंत आली आणि मोटार बसली, तेव्हा त्यांचे कष्ट वाचतील याचा मला फार आनंद झाला. आता इंजिन विकून टाकू, असं मी म्हणालो. सोनईचं एक गिऱ्हाईकही पाहून ठेवलं.

दादा तयार होईनात. मी कॉलेजच्या वाचनालयातून उतरवून आणलेला तक्ता ओसरीवर पसरला. एकीकडे इंग्लंड, एकीकडे आपला देश. वीज कशावर होत होती आणि पुढे त्यात काय फरक पडला, ते रंगीत पेन्सिलींनी दाखवलेलं. काळा कोळसा, निळं पाणी, लाल तेल. इंग्लंड आधी जवळजवळ सगळं काळं, मग लाल वाढत गेलेलं. आपल्याकडे काळ्याशेजारी निळा पट्टा चांगला रुंद.

दादांनी लाल रंगावर बोट ठेवलं. "ज्यांच्या घरात कोळसा हाय, ती तेलाकडं निघाल्यात. आन् तू मला तेल सोडाय सांगतोस?"

आपल्याकडे धरणं आहेत, मी म्हणालो. पाऊस झाला नाही तर काय, त्यांनी विचारलं. हा कागद मोटार विकणाऱ्यांनी तर काढला नाही ना, अशीही त्यांना शंका होती.

"डिझेलचा डबा माझ्या खोपीत असतो, मास्तर," ते मला चिडवत म्हणाले. "त्या तारंचं दुसरं टोक कुनाच्या हातात हाय, ते तुझ्या कागदावर दिसंना."

गिऱ्हाईक आलं, तेव्हा दादांनी त्याला चहा पाजला आणि पिस्टन गेलाय म्हणून खोटंच सांगून परत पाठवलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पुढच्या वर्षी पाऊस गेला. धरणं खाली गेली, वीज तासन्‌तास येईना. विहिरीत थोडं पाणी होतं आणि कांदा सुकत होता. दादांनी इंजिनावरची पोती काढली, हँडल मारलं. कांदा वाचला.

त्यानंतर वर्षभरातच डिझेल महागलं, मिळेनासं झालं. डबा घेऊन पंपावर रांगेत मीच उभा राहिलो. तेव्हापासून दादा इंजिनाकडेही मोटारीइतक्याच संशयानं बघू लागले. पण दोन्ही त्यांनी विहिरीवरच ठेवली, आणि विकायचं मी पुन्हा कधी काढलं नाही.