रवळू आप्पांचं गाऱ्हाणं

देवराईत शिरताना रवळू आप्पा चपला काढायचे आणि झाडांना मोठ्यानं वर्दी द्यायचे. पहिल्यांदा मी बरोबर होते, तेव्हा म्हणाले, "रवळू आलाय. संगट निपाणीची बाई हाय. लई बोलती, पण मनानं वाईट न्हाय." मला रागच आला. आमची ओळख होऊन तासही झाला नव्हता.

मी पुठ्ठ्याची खोकी बनवते. मिठाईच्या खोक्यांपासून एकटीनं सुरुवात केली. पुढे बेंगळुरूची एक कंपनी खेळांची खोकी माझ्याकडून करून घेऊ लागली. त्या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, एक जण गोष्ट पुढे नेतो आणि अडेल तिथं फासे टाकतात. राक्षस, जादू, तलवारी, सगळं कल्पनेतलं. कंपनीला आमच्या भागातल्या जंगलांवर खेळ काढायचा होता. दोन महिने मी त्यांना इथले सण, दैवतं, चालीरीती समजावून सांगितल्या. खेळ आला, तेव्हा आमची जत्रा चेटकिणींचा बाजार झाली होती आणि माझ्या नावाच्या जागी होतं, 'स्थानिक मदत'. ते मी अजून विसरलेले नाही. त्याच तिरमिरीत ठरवलं, आता खेळ माझाच.

त्यासाठी जांबोटीला उतरून पुढे तासभर चालत आप्पांच्या गावी गेले. भातशेती, चार म्हशी आणि गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा मान, एवढा त्यांचा संसार. मी ऐटीत माझा कच्चा खर्डा वाचून दाखवला. शेवटी खेळाडू देवराईत घुसतात, राखणदाराला, म्हणजे रान राखणाऱ्या दैवताला, मारतात आणि जिंकतात.

आप्पांनी पानाला चुना लावत विचारलं, "त्याला मारल्यावर रान कोण राखणार?"

मी म्हटलं, आप्पा, हा खेळ आहे, कल्पना आहे.

"मग कल्पनेतलंच नाव दे की त्याला. आमच्या राखणदाराचं कशाला?"

मी वाद घातला. वादात मी सहसा हरत नाही, पण आप्पा वाद घालतच नव्हते. ते उठले, नारळ घेतला आणि म्हणाले, चल, आधी त्याच्यापुढं गाऱ्हाणं घालू.

आमच्या निपाणीकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. मला वाटलं, हे बरं झालं. देवराईच्या कडेला हात जोडून मी सुरू केलं. कंपनी कशी लबाड, कोणी काय कबूल केलं होतं, कुणाचं नाव कुठं छापलं, सगळं नावानिशी सांगितलं. आप्पा नारळ धरून उभे. माझा दम संपला, तेव्हा त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

"पोरी, हे गाऱ्हाणं न्हवं, भांडण झालं. आमच्यात गाऱ्हाणं म्हंजे मागणं. उभ्या गावासाठी. एकट्यासाठी हितं कोण उभं ऱ्हातंय?"

मग त्यांनी ते घातलं. गुरांसाठी, लेकीबाळींसाठी, पुण्या-गोव्याला कामाला गेलेल्यांसाठी, गावाशी भांडून गेलेल्या एका भावकीसाठीसुद्धा. आणि शेवटी, "ही निपाणीची बाई, हिच्या हाताला यश दे." मी घाईनं मोबाइल काढला, रेकॉर्ड करायला. आप्पांनी त्यावर तळहात ठेवला. "शब्द हितंच ऱ्हाऊ देत. रीत घिऊन जा."

परतीच्या बसमध्ये खर्डा पुन्हा वाचला. पहिल्या पानावर माझं नाव ठळक, आप्पांच्या भागाचं सगळं आत, आणि त्यांचं नाव कुठंच नाही. कंपनीनं माझं जे केलं, तेच मी त्यांचं करायला निघाले होते. त्या दिवशी मला माझाच राग आला आणि तो सोसायला फार जड गेला.

वर्षभरात खेळ नव्यानं उभा केला. रान कल्पनेतलं, राखणारा कल्पनेतला, शब्द माझे. त्याला मारताच येत नाही. शस्त्रं खाली ठेवून एकानं सगळ्यांसाठी मागायचं, तरच रानात जायची वाट उघडते. शस्त्र काढलं किंवा स्वतःसाठी मागितलं की वाट बंद.

त्याच कंपनीचा माणूस हा खेळ विकत घ्यायला आला. आम्ही एका हॉटेलात बसलो. त्याला सगळं पसंत होतं, फक्त शेवटी लढाई हवी होती आणि राखणाऱ्याला शिंगं. एरवी मी आवाज चढवून सौदा जिंकते. त्या दिवशी चढवला नाही. म्हटलं, आधी खेळून बघा.

तो आणि त्याचे तिघे सहकारी खेळायला बसले, गोष्ट मी पुढे नेत होते. त्यानं तीनदा तलवार काढली, तीनदा वाट बंद झाली. चौथ्यांदा त्यानं तलवार खाली ठेवली आणि गोष्टीत जखमी पडलेल्या सोबत्यापासून सगळ्यांसाठी मागितलं. मी वाट उघडली. मग तोच म्हणाला, शिंगं नकोत, हे असंच राहू दे.

मी म्हटलं, अजून एक. खोक्यावर माझ्या नावाच्या वर एक नाव येईल. त्यावर त्यानं बराच वेळ घासाघीस केली. मी एक अक्षर कमी केलं नाही. नाव आलं: 'ही रीत रवळू आप्पांनी शिकवली.' गावाचं नाव घालायला आप्पांनीच मना केलं होतं. "लोक चपला घालून येतील."

आप्पांना जाऊन आता दोन वर्षं झाली. पण ते खोकं त्यांनी हातात घेतलं होतं. बोट फिरवत आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "खेळात मेला न्हाय न्हवं कोण राखणारा?" मी नाही म्हटलं. मग खोकं काखेत मारून ते देवराईकडे चालू लागले. कडेला पोचून चपला काढल्या. मीही काढल्या.

"रवळू आलाय," त्यांनी झाडांना सांगितलं. "संगट निपाणीची बाई हाय. जितून आलीया."