रातपाळीचा माणूस

सातवीतून शाळा सोडून मी खानदेशातून सुरतेला लूम चालवायला आलो. आमच्या खोलीत दोन पाळ्यांची माणसं राहायची. दिवसपाळीवाले बाहेर पडले की त्यांच्याच अंथरुणांवर रातपाळीवाले येऊन पडत. निजलेल्याला उठवायचं नाही, हा तिथला कायदा. उजेड नको म्हणून सगळेच तोंडावर चादर ओढत. कोण कुठला, कळायचं नाही.

माझी दिवसपाळी होती. एका सकाळी हुडहुडी भरून ताप चढला, उठवेना. रातपाळीवाले आले, माझ्या दोन्ही बाजूंना निजले, संध्याकाळी उठून गेले. मग आमचे लोक आले. मला ओलांडताना त्यांनी आवाज खाली आणला.

"हा कोण?"

"रातपाळीचा असेल. खाडा केला वाटतं."

"आणि आपला नवा गडी?"

"डबल पाळी मारतोय. हावरट लेकाचा!"

हसले. मी हाक मारली, म्हणजे मला तसं वाटलं. ओठ हलले असतील, आवाज काही निघाला नाही. चादरीतून त्यांच्या सावल्या दिसत होत्या, जेवत होत्या. बोलणं माझ्याबद्दल चाललेलं, आणि मी तिथं नव्हतोच. उजाडल्यावर ते गेले, दुसरे आले. त्यांनीही मला धक्का न लागू देता अंथरुणं सरकवली. मी इथंच मेलो तर दोन्ही पाळ्या मला असंच जपून झोपू देतील, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुपारी खानावळवाली मावशी ताटं न्यायला आली. तिचा पाय माझ्या तापलेल्या तळव्याला लागला.

"आरे, हाऊ ते तपी ऱ्हायना!"

"मावशी, निजू द्या ना त्याला," शेजारचा रातपाळीवाला चादरीतूनच म्हणाला.

"तुना बापले निजू दे!" म्हणत तिनं चादर ओढली.

वस्तीत दवाखाना नव्हता. सरकारी इस्पितळ रेल्वे फाटकाच्या पार पलीकडं. कापडाचे ताके वाहायच्या लारीवर, हातगाडीवर, रातपाळीवाल्यांनी मला निजवलं. वाटेतले लोक बाजूला सरून हात जोडू लागले. मावशी मागून ओरडत होती, "जित्ता शे रे! जित्ता शे!"

डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, ताप कधीपासून? लारी ढकलणाऱ्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मावशी म्हणाली, "आधी सुई टोचा, साहेब."

मी वाचलो. पुढं मावशी खोलीत आली की झोपलेल्या प्रत्येकाचे तळवे चाचपायची. लोक दचकून उठायचे, तिला शिव्या घालायचे. मी मात्र पाय मुद्दाम चादरीबाहेर ठेवायचो.