चाकातलं पाणी

आमची शेती डोंगरउताराची, पट्ट्या अरुंद. म्हणून बांधाजवळ सहज वळेल असा बुटका, लहान ट्रॅक्टर मी निवडला. आप्पा, माझे वडील, आठवडाभर त्याच्याकडे फिरकले नाहीत.

काल मेकॅनिक आला. मागची चाकं थोडी बाहेर सरकवून म्हणाला, "काका, उतार लई आहे. टायरांत पाणी भरू, म्हणजे वजन येईल. कलंडायचा नाही."

"म्हणजे पाणी पाजायचं," आप्पा म्हणाले आणि स्वतःच नळी धरून बसले.

टायरात पाणी उतरू लागलं आणि आप्पांच्या ओठांतून शीळ आली. बारीक, लांबलचक, एकाच सुरातली. बैल हौदावर आले की ते अशीच शीळ घालत. ती ऐकत बैल निवांत पीत. गोठा रिकामा झाल्यापासून मी ती ऐकली नव्हती. इतकी वर्षं ती कुठे राहिली असेल? बैल गेले, दावी कुजली, आणि शीळ मात्र ओठांत तशीच ओली.

"बास काका, भरलं," मेकॅनिकनं नळीला हात घातला.

आप्पांनी त्याचा हात अडवला.

"थांब जरा. त्याचं त्याला तोंड वर काढू दे."